शब्दचर्चा: 'राखीव' की 'राखलेलं'?

गिरणाथडी:
मंडळी, एका पाटीवरून गावात पंधरा दिवस बोलणं चाललंय, म्हणून इथे विचारतो.

आमचं गाव चाळीसगावच्या बाजूला, गिरणेच्या थडीला. गावामागे बरड टेकडी आणि तिच्या पायथ्याला गायरान. दहा-बारा वर्षांपूर्वी ग्रामसभेत ठरलं की तिथे गुरं सोडायची नाहीत आणि कुऱ्हाड न्यायची नाही. पहिली दोन वर्षं भांडणातच गेली. आज तिथे पवन्या आणि मारवेल कमरेएवढं वाढतं, निंब आणि बोरी आपोआप उगवल्यात, पहाटे तितराचा आवाज घरात ऐकू येतो. दिवाळीनंतर सगळे मिळून गवत कापतो आणि घरटी भारे वाटून घेतो. उन्हाळ्याआधी वणवा अडवायला जाळरेषा काढतो. रविवारी शाळेतली पोरं पक्षी बघायला येतात, पावसाळ्यात बाया रानभाज्या ओळखायला शिकवतात.

आता तिथे पाटी लावायची आहे. एकाने 'नेचर ट्रेल' सुचवलं, दुसऱ्याने 'राखीव क्षेत्र'. दुसरी पाटी जवळजवळ रंगवायला दिलीच होती. माझ्या काकूने ते वाचून विचारलं, "राखीव? कोणासाठी?" तिचा प्रश्न खरा आहे. एसटीतली सीट राखीव असते ती दुसऱ्या कोणासाठी. आम्ही तर हे कोणाला बाहेर ठेवायला केलं नाही. तर अशा जमिनीला काय म्हणावं, आणि तिथे जाऊन आम्ही जे करतो त्याला काय म्हणावं?

पांझराकाठ:
जिभाऊ, तुमच्याकडे जे आहे त्याला आम्ही धुळ्याकडचे सरळ 'कुरण' म्हणू. लळिंगचं कुरण इकडे लहान पोरालाही माहीत असतं. कुरण म्हणजे दिसेल तो हिरवा माळ नव्हे. गवतासाठी राखून ठेवलेली जमीन, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. आत गुरं सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचं, मग विळ्याने कापून न्यायचं. गायरानाचं उलटं, तिथे गाय स्वतः चरते, नावातच आहे. म्हणजे तुम्ही गायरानाचं कुरण केलंत, आणि हे एक वाक्य तुमच्या बारा वर्षांचा सगळा इतिहास सांगतं.

मला एक गोष्ट फार लागते. वर्तमानपत्रांत 'चराऊ कुरण' इतक्या वेळा छापून आलंय की कुरण म्हटलं की लोकांना भ्रष्टाचार आठवतो. ज्या शब्दात गावाची सगळ्यात मोठी शिस्त होती तोच लुटीचा शब्द झाला. तुमच्या पाटीवर 'कुरण' आलं तर त्या शब्दाला त्याची जागा परत मिळेल.

कपाशीवाला:
देवराई म्हणा की. सगळ्यांना कळतं.

पांझराकाठ:
देव कुठे आहे त्यात? देवराई देवाच्या धाकाने राखली जाते, बऱ्याच ठिकाणी पडलेली काडीसुद्धा उचलत नाहीत. हे लोक गवत कापून वाटून घेतात. त्यांचं रान ग्रामसभेच्या ठरावाने राखलंय. दोन्ही मोठ्या गोष्टी आहेत, पण एकीचं नाव दुसरीला देऊ नये.

वावरातली:
'रान' या शब्दाबद्दल थोडं. पुण्याकडची माझी जाऊ "रानात चालले" म्हणते तेव्हा ती शेतात निघालेली असते. आमच्या अहिराणीत शेताला वावर. माझी आई "वावरमा गयथू" म्हणाली तर कपाशीत, आणि "रानमा" म्हणाली तर डोंगराकडे, झाडीत. म्हणजे खान्देशात शेताचं ओझं 'वावर'ने उचललं आणि 'रान' झाडझाडोऱ्यासाठी मोकळं राहिलं. सातारा-सांगलीत 'राखलेलं रान' अशी पाटी लावली तर लोकांना वाटेल ज्वारीवर राखण बसवली आहे. आपल्याकडे तसा घोटाळा होणार नाही. हे आपलं भाग्य आहे, वापरून घ्या.

जुना मास्तर:
गिरणाथडी, काकूंचा प्रश्न नेमका आहे, पण आधी 'राखीव'ची बाजू मांडतो.

कोरीव म्हणजे कोरलेलं, आखीव म्हणजे आखलेलं, घोटीव म्हणजे घोटलेलं. तसं राखीव म्हणजे राखलेलं. व्याकरणाने दोन्ही एकच. संस्कृतातल्या 'रक्ष्'वरून प्राकृतातून 'राखणे' आलं, त्याला 'ईव' लागलं. शब्दात मुळात कोणाला बाहेर ठेवण्याचा अर्थ नाही. तो आला वापरातून: राखीव जागा, राखीव निधी, राखीव पोलीस दल. यातल्या प्रत्येकात 'अमक्यासाठी' किंवा 'अमक्या वेळेसाठी' दडलेलं आहे. काकूंनी तेच ऐकलं.

आता फरक बघा. 'गावाने राखलेलं रान' असं म्हणता येतं. 'गावाने राखीव रान' म्हणता येत नाही, मध्ये 'ठेवलेलं' घालावं लागतं. 'ईव' लागला की करणारा वाक्यातून निघून जातो. कोरीव लेणी म्हणताना छिन्नी कोणाच्या हातात होती ते कोणी विचारत नाही. 'लेलं' लावलं की करणाऱ्याला दार उघडं राहतं. तुम्हाला पाटीवर गाव दिसायला हवं असेल तर 'राखलेलं' घ्या.

आणि विषय निघालाच आहे तर बाकीच्या भावंडांबद्दल. 'रान' आलं 'अरण्य'वरून, आरंभीचा 'अ' गळाला. 'बन' हे 'वन'चंच बोलीतलं रूप, केवड्याचं बन म्हणतो ते. 'आमराई', 'वनराई'मधली 'राई' म्हणजे 'राजी', ओळ. मोहरीशी तिचा संबंध नाही. सगळ्यात गमतीचा प्रवास 'जंगल'चा. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदात 'जांगल' आणि त्याच्या विरुद्ध पाणथळ 'आनूप' असे देशांचे प्रकार सांगितले आहेत. पुढे अर्थ फिरला आणि जंगल म्हणजे घनदाट झाडी झाली. आपली बरड टेकडी, गवत, मधूनमधून निंब-बोर-बाभूळ, हे त्या जुन्या अर्थाने अस्सल जांगल आहे. म्हणून कोणी म्हणालं की "हे कसलं जंगल, इथे तर गवतच आहे", तर त्याला हे सांगा. गवताळ माळाला पडीक समजून त्यावर खड्डे खणून झाडं लावायची घाई आपल्याकडे फार. माळ हा पडीक नसतो.

वावरातली:
मास्तर, शेवटची दोन वाक्यं आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे.

साक्रीकर:
आमच्या तालुक्यातलं बारीपाडा इथे यायलाच हवं. तिथल्या लोकांनी चैत्राम पवारांसोबत नव्वदीच्या दशकापासून सुमारे ११०० एकर जंगल राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या जिल्ह्याला आपल्या घरचा माणूस वाटला. शब्दांच्या दृष्टीने सांगायचं तर तिथली पाककृतींची स्पर्धा 'वनभाजी'ची म्हणून ओळखली जाते, 'रानभाजी'ची नाही. बायका जंगलातून भाज्या आणतात, रांधतात, कोणती कधी खायची आणि कोणती कशी शिजवायची ते सांगतात. कुठलाही 'जनजागृती कार्यक्रम' त्याच्यापुढे फिका पडेल, कारण शिकवणारी बाई ते रोज खाते.

मला वाटतं वन आणि रान हा वाद घालू नये. वन सरकारच्या कागदावर बसतं, रान जिभेवर. दोन्ही लागतात. सामूहिक वनहक्काचा दावा करताना २००६ च्या कायद्यातले शब्दच लिहावे लागतात, तिथे 'आमचं रान' लिहून चालत नाही.

शहाद्याकडचा:
वन-रानाचं उत्तम उदाहरण आमच्याकडे आहे. १८८४ नंतर ज्या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती ते १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा दिसलं. मराठीत त्याला कोणी 'वनपिंगळा' लिहितं, कोणी 'रानपिंगळा'. पक्ष्याला काही फरक पडत नाही, सागाच्या ढोलीत तो तसाच बसतो.

पिंगळा हा शब्दही किती जुना. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणारा तोही पिंगळा. पोरांना पक्षी दाखवताना आम्ही आधी हे सांगतो, मग नाव त्यांच्या डोक्यातून जात नाही.

तलाठी कचेरीतला:
एक सावधगिरी सांगतो, मन दुखवण्याचा हेतू नाही. 'राखीव वन' आणि 'संरक्षित वन' हे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातले ठरलेले प्रकार आहेत. तुमची जमीन गायरान आहे, म्हणजे महसुलाच्या दप्तरात सरकारची आणि वापरायला गावाची. तिच्यावर 'राखीव क्षेत्र' लिहिलंत तर उद्या कोणी विचारेल, कुठल्या आदेशाने? 'राखलेलं' हा शब्द कुठल्याही कायद्यात नाही, म्हणून तो सुरक्षित आहे. 'अभयारण्य' तर चुकूनही लिहू नका. यावलचं आहे, अनेरचं आहे, तुमच्या बाजूचं गौताळा-औट्रमघाट आहे, त्या प्रत्येकाला अधिसूचना आहे. आणि सातबाऱ्यावर 'गायरान' ही नोंद कायम ठेवा. बोलण्यात कुरण म्हणा, दप्तरात नाव बदलायला जाऊ नका.

गिरणाथडी:
तलाठीभाऊ, हे कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

मेहरूणची बोरं:
जळगावातून लिहितेय. आमच्या लांडोरखोरीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे, आणि पाटीवर 'वनोद्यान' असतं. सकाळी शेकडो लोक चालायला येतात. पण मला नाव आवडतं ते लांडोरखोरी. खोरी म्हणजे लहान खोरं, आणि लांडोर म्हणजे मोराची मादी. 'लांडा' म्हणजे आखूड शेपटीचा, तो शब्द मला त्यात ऐकू येतो. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने तिथे लांडोरी पाहिल्या असतील, एवढं त्या नावावरून कळतं. 'उद्यान'वरून फक्त बाकडी आणि कारंजं कळतं.

धुळेकरांचा लांडोर बंगलाही तसाच, लळिंगच्या त्याच रानातला. तिथे ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामी होते आणि दरवर्षी त्या तारखेला माणसं तिथे जमतात. रानातल्या जागेला माणसांची आठवण जोडली गेली की ती जागा राखणं सोपं जातं, हे मी स्वतः पाहिलंय.

म्हणून माझी सूचना अशी की आधी टेकडीला जुनं नाव आहे का ते म्हाताऱ्यांना विचारा. असेल तर तेच मोठ्या अक्षरात, बाकी सगळं खाली बारीक.

कपाशीवाला:
आणि तिथल्या कार्यक्रमाला काय म्हणायचं? प्रश्नाचा दुसरा भाग सगळे विसरले.

पांझराकाठ:
बरोबर बोललात. आपल्याकडे बंदीचे शब्द भरपूर आहेत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे आदर्श गावाच्या पंचसूत्रीतून आले आणि घराघरात रुजले. पण बंदी पाळल्यावर त्या रानात जाऊन काय करायचं, याला नवा शब्द कोणी दिला नाही. म्हणून 'नेचर ट्रेल' घुसतं. जुने शब्द आहेत, पण प्रत्येकाची जागा ठरलेली: वनभोजन, कार्तिकातलं आवळीभोजन, श्रमदान.

मला 'फेरी' आवडतं. शिवारफेरी आपण म्हणतोच. शीव म्हणजे सीमा, शिवार म्हणजे त्या सीमेच्या आतलं सगळं. आणि फेरीत नुसतं चालणं नाही, पाहणी आहे. कुठे बांध फुटला, कुठे कोणी फांदी तोडली, हे बघत जाणं. सहलीला गेलेला माणूस परत जातो, फेरी मारणारा पुन्हा येतो. 'रानफेरी' म्हणा.

कपाशीवाला:
रानफेरी पटलं. थंडीत तिथे भरीत पार्टीही ठेवा, मग माणसं आपोआप येतात. 'पार्टी' हा शब्द आता खान्देशीच आहे, त्याला मराठी शोधू नका.

गिरणाथडी:
भाऊ, भरीत पार्टी होते, पण खाली वावरात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि शेजारी कमरेएवढं वाळलेलं गवत, हे जमणार नाही. एक वर्ष विडीच्या थोटकाने अर्धी टेकडी काळी झाली होती. त्या रात्री निंबाच्या ओल्या डहाळ्यांनी आग झोडपणाऱ्यांत माझी साठीची काकूही होती. म्हणूनच "कोणासाठी?" हे विचारायचा हक्क तिला सगळ्यात जास्त आहे.

सगळं वाचून काल बसलो. म्हाताऱ्यांना विचारलं, टेकडीला खरंच नाव निघालं: बोरबरड. आमच्या पिढीला ते माहीतच नव्हतं. पाटी अशी ठरली:

बोरबरड
गावाने राखलेलं कुरण
गुरं आणि कुऱ्हाड आत नाही. विडी-काडी आत नाही. माणसांनी यावं.
रानफेरी दर रविवारी, सूर्य उगवताना.

'रान' की 'कुरण' यावर घरात मतं पडली. दुसऱ्या ओळीत कुरण आणि फेरीत रान, असं दोन्ही ठेवलं. काकूला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आते समजनं."

जुना मास्तर:
'माणसांनी यावं' ही ओळ कोणाची?

गिरणाथडी:
सहावीतल्या एका मुलीची, गुरुजी. आम्ही 'प्रवेश खुला' लिहिलं होतं.

वावरातली:
गवत कापायच्या दिवसाला काय म्हणता?

गिरणाथडी:
त्याला वेगळं नाव नाही ताई, सगळे 'कापनी' म्हणतात, तेच राहू दिलंय. यंदा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. उशीर करता येत नाही, कुसळीचं कुसळ पिकलं की गुरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततं. इथल्यांपैकी कोणाला यायचं असेल तर विळा घेऊन या. भाकरी आमच्याकडे.