'बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही': माग कसा काढायचा?

कोयनाकाठ
इराकची बातमी लागली की घरातली म्हातारी माणसं हेच वाक्य काढतात. पणजोबांचा थोरला भाऊ, गाव पाटण तालुक्यातलं, मराठा पलटण, 'जर्मनच्या लढाईत', म्हणजे पहिल्या महायुद्धात गेला. 'तिथं घोडी खायची पाळी आली होती' असंही सांगतात. घरात चांदीचं एक पदक आणि बशीएवढी काशाची चकती आहे. शोध कुठून सुरू करू? इंडिया गेटवर नाव असेल का?

जुनं_नाणं
पदकापासून. आधी एक सांगतो, चिंच-राखेनं घासू नका. अक्षरं पदकाच्या जाड कडेवर ठसवलेली असतात आणि पिढ्यानपिढ्या घासून तीच आधी जातात. भिंग घ्या, बॅटरीचा उजेड बाजूनं तिरपा पाडा आणि पदक हळूहळू फिरवा. शिपाई नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असं वाचता येईल. एका बाजूला पंचम जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. हेच पदक काशाचं असतं तर माणूस बहुधा मजूर दलात होता असं धरलं असतं.
ती चकती साधारण १२० मिमीची असेल. ती मृताच्या वारसांना मिळायची. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा किंवा नंबर नसतो. म्हणजे मृत्यू पक्का, पण पलटण पदकच सांगणार.

तळटीप
'बसऱ्याला' या शब्दावर फार विसंबू नका. बसरा हे उतरायचं बंदर. मोसुलपर्यंत कुठंही मेलेला माणूस गावाच्या तोंडी 'बसऱ्याला' गेलेलाच. घोड्यांची आठवण मात्र नेमकी आहे. ती कुत अल अमाराच्या वेढ्याची (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६). इराकमधल्या या गावात तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला कोंडलं होतं. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. हिंदी शिपाई आधी घोड्याच्या मांसाला हात लावेनात, म्हणून इथल्या धर्मगुरूंची परवानगी तारेनं मागवावी लागली. तोवर भाजीपाल्याविना होणाऱ्या स्कर्व्ही या रोगानं कित्येकांना आडवं केलं होतं. घरात 'जंगी पलटण' असा शब्द असेल तर ती १०३. 'काळी पाचवी' म्हणत असतील तर १०५, आणि ती वेढ्यात नव्हती. मग घोड्याची गोष्ट परत आलेल्या दुसऱ्या कुणाची असणार. अशा गोष्टी गावभर फिरतात.
कुतमधला असेल तर मृत्यूची तारीख शरणागतीनंतरची धरून शोधा. कैद्यांना समाऱ्यापासून मोसुलमार्गे रास अल ऐनपर्यंत वाळवंटातून पायी नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं.

चावडी
आता नाव. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. 'बसरा मेमोरियल', पहिलं महायुद्ध आणि 'इंडियन' हे निवडा. आडनावानं सुरुवात केलीत तर अडकाल, कारण स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं पडलं तसं: पवारचं पोवार, जाधवचं जाधाव. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात नुसतं 'पाटण' किंवा 'सातारा' टाका. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. नंबर आणि पलटण दोन्ही जुळले की नावाचं स्पेलिंग कितीही वेडंवाकडं असो, माणूस तोच.
प्रत्यक्ष स्मारकावर हिंदी साध्या शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, नुसते पलटणवार आकडे. नावं वेगळ्या नोंदवहीत. म्हणून फोटोत नाव दिसलं नाही तरी शोध सोडू नका. गावच्या चावडीवर किंवा देवळाबाहेर दगडी पाटी असेल तर तीही बघा: किती गेले, किती मेले. साताऱ्याच्या अपशिंग्यात तसा ४६ जणांचा उल्लेख आहे. पण अशा पाट्यांवर बहुधा आकडाच असतो.

तळटीप
राहिलं इंडिया गेट. तिथली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९च्या अफगाण युद्धातली. मेसोपोटेमियातला (म्हणजे आताच्या इराकमधला) माणूस तिथं शोधू नका. आधी कडेवरचा नंबर आणि पलटण वाचून इथं टाका.