सिव्हिलच्या मुलीसाठी लॅपटॉप: हलका घ्यावा की ग्राफिक्स कार्डवाला?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. ऑटोकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) सुरू आहे, पुढे रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) येणार. जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली आहे, स्क्रीनमागे स्टीलचा डबा टेकवून ती ड्रॉइंग काढते. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल अडकली, तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

तिला मॅकबुक एअर एम४ फार आवडलाय. पण रेव्हिट मॅकओएसवर येतच नाही. स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरवाले लॅपटॉपही रेव्हिटमुळेच बाद, ते आर्म प्रकारचे प्रोसेसर आणि त्यांच्यावर रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा अधिकृत सपोर्ट नाही.

उरले दोन. एक इंटेल कोअर अल्ट्रा २००व्ही प्रोसेसरवाला, हलका, बॅटरीही चांगली. पण त्याची रॅम प्रोसेसरसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणजे आत्ताच ३२ जीबीचा घेतलेला बरा. दुसरा आरटीएक्स ५०५० वाला. ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड मिळतं, पण रोज तासभर एसटीने जाणाऱ्या पोरीच्या पाठीवर तो आणि त्याचा विटेएवढा चार्जर!

बजेट एक लाख, फार तर पाच हजार वर. रेव्हिट रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड खरंच लागतं का? पुढच्या आठवड्यात घ्यायचाच आहे.