गावातल्या महाविद्यालयात डिझाइनचा प्रकल्प : विषय कसा निवडावा, गुण कशाला द्यावेत?

प्रश्न (अध्यापिका, यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. तालुक्याच्या गावातील आमच्या महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांना आता क्षेत्र प्रकल्प करावा लागतो. बहुतेक वेळा त्याचा शेवट एक प्रश्नावली, दोन तक्ते आणि स्पायरल बाइंडिंगचा अहवाल एवढ्यावर होतो. कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांचे मिश्र गट करून त्यांच्याकडून वापरणाऱ्या माणसासाठी एखादी वस्तू किंवा व्यवस्था घडवून घ्यावी, असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. पण आमच्यापैकी कोणीही डिझाइन शिकलेले नाही. शिवाय घरी कापूस आणि तूर पाहतच वाढलेली ही मुले पुण्यात नोकरी शोधणार आहेत. शेतीचा विषय दिला की त्यांचा उत्साह मावळतो. मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त शिक्षक, वर्धा)

बाई, आपल्याच भागात याची जुनी वाट आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम यांनी तो वर्गात उतरवला. टकळीवर सूत काततानाच त्याची लांबी आणि वजन यांतून गणित, कापसाच्या व्यापारातून इतिहास व भूगोल शिकवायचा, याला समवाय म्हणत. विषयांच्या भिंती पाडण्याची ही रीत मला आजही सर्वांत भक्कम वाटते. फरक इतकाच, की तिथे उद्योग आधी ठरलेला असे, तर डिझाइनमध्ये प्रश्नही विद्यार्थ्यानेच हुडकायचा असतो.

तो कसा हुडकावा, यासाठी अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला दिलेला अहवाल पाहावा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन होण्यामागे तोच आहे. साध्या लोट्याकडे पाहून त्यांनी किती प्रश्न विचारले आहेत: पाणी किती मावावे, तो डोक्यावर, कमरेवर की हातात धरणार, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, धार कशी पडेल. मुलांकडून आधी असे प्रश्नच लिहून घ्यावेत.

उत्तर (अध्यापक, अमरावती जिल्हा)

आमच्या मिश्र गटाने कापूस वेचणाऱ्या बायांची ओटी हा विषय घेतला होता. कमरेला बांधलेल्या लुगड्याच्या ओटीत कापूस साठत गेला की भार पुढे ओढतो, वाकलेली पाठ आणखी वाकते आणि वाळलेल्या बोंडाची टोके बोटांत रुततात. विज्ञानाच्या मुलांनी खांद्यावर पट्टे असलेली पाठीवरची पिशवी शिवली. कागदावर ती बिनचूक होती. शेतात मात्र बायांनी ती काढून ठेवली, कारण प्रत्येक मूठ मागे टाकायला हात वळवावा लागे, उन्हात पाठ घामाने भिजे आणि पऱ्हाटीच्या फांद्यांत पट्टे अडकत. मजुरी किलोवर मिळत असल्याने हाताचा वेग मंदावणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि हा हिशेब वाणिज्य शाखेच्या मुलीने मांडला तेव्हाच गटाला अडचण उमगली. नंतर शिवलेली पिशवी पोटाशीच राहिली. भार तेवढा खांद्यांवर गेला आणि ती रिकामी करायला खालून तोंड ठेवले.

पुण्याला जाणाऱ्या मुलांचा प्रश्न मला वेगळा वाटत नाही. आपल्याहून वेगळे आयुष्य जगणाऱ्या माणसाचे काम नीट पाहता येणे त्यांना तिथेही लागणारच आहे, आणि आपल्या आईचे काम आपण कधी निरखलेच नव्हते, हे त्यांना इथे प्रथम कळते.

गुण देताना पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत काय बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलले, याच्या नोंदवहीला आम्ही सर्वाधिक वजन देतो. वस्तूच्या देखणेपणाला थोडेच.

उत्तर (महिला बचत गटाची कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा)

एक विनंती. वेचणीच्या दिवसांत बाईला चाचणीसाठी थांबवले की तिची मजुरी बुडते, म्हणून तेवढ्या वेळाचे पैसे प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरावेत. नोंदवही तपासताना त्या बायांपैकी दोघींना महाविद्यालयात बोलावून त्यांचे मतही गुणांत धरावे. आमच्या गटातील बाया यायला तयार होतील, फक्त बोलावणे बाजाराच्या दिवशी नसावे.