'सेटलर'ला मराठीत काय म्हणावं?

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. १६५२ मध्ये यान व्हान रिबेक डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसं घेऊन केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, उतरला. काम एवढंच, की येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजी, मांस पुरवायचं. १६५७ मध्ये कंपनीने नऊ नोकरांना चाकरीतून मोकळं केलं आणि कसायला जमिनी दिल्या. पुढे अशांचेच वंशज बोअर म्हणवू लागले. १८२० मध्ये सुमारे चार हजार ब्रिटिश आले ते वेगळेच. मी सरसकट 'वसाहतवादी' लिहिलं, तर संपादकांनी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारलीय. काय लिहू?

—

रेघ योग्यच आहे, ताई. वसाहतवाद हे धोरण झालं, ते राबवणारा किंवा त्याची भलामण करणारा तो वसाहतवादी. मुलखात येऊन घर बांधणारा, तिथेच मरणारा तो वसाहतकार. हिंदुस्थानातला इंग्रज कलेक्टर वसाहतवादी खरा, पण वसाहतकार नव्हे. पेन्शन सुरू झाली की बोट पकडायचा. केपच्या त्या नऊ जणांना मात्र परतीचं तिकीट नव्हतं.

'स्थायिक' कुणी सुचवला तर घेऊ नका. माझा पुतण्या ह्यूस्टनला स्थायिक झालाय, म्हणजे तिथल्या कायद्याखाली, व्हिसाच्या रांगेत उभा राहून. बोअर आपला कायदा बरोबर घेऊन आला.

—

काका, 'वसाहतकार' कोशात शोभतो. कानाला मात्र बिल्डर वाटतो! आपल्याकडे वसाहत म्हटलं की पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत. आमच्या गावात धरणग्रस्तांची 'नवी वसाहत' आहे. तिथल्या माणसाला वसाहतकार म्हणून हाक मारून बघा.

शब्दाच्या मुळाशी गेलं तर गंमत दिसते. डचमध्ये बोअर म्हणजे शेतकरी. 'कॉलनी' ज्यावरून आला तो लॅटिन 'कोलोनस' म्हणजेही शेत कसणारा. त्यांचे शब्द नांगरातून आले, आपला मुक्कामातून. वस्तीची एसटी रात्री साडेआठला येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात अंग टाकतात, सकाळी सहाला गाडी सुटते. ही एका रात्रीची वस्ती. आणि रानात विहीर पाडून दोन खोल्या टाकल्या, की तीच शिंदेवस्ती, पिढ्यान् पिढ्या. माणूस एक रात्र राहिला की कायमचा, हे 'वस्ती' हा शब्द सांगतच नाही.

—

ते सांगणारे शब्द आपल्याकडे होते, दप्तरात पडून आहेत. पडीक रान लागवडीला आणायला सरकार कौल, म्हणजे सवलतीचं लेखी अभयपत्र, द्यायचं. शेतसारा पहिल्या वर्षी नावापुरता, मग दरसाल चढता, याला इस्तावा म्हणत. पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना, म्हणजे पेठेच्या प्रमुखांना, असाच कौल. आणि आलेल्या माणसाला विचारायचे, तू मिरासदार की उपरी? मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरा हक्क. उपरी बाहेरून आलेला, कसतो पण जमीन त्याची नव्हे. तुझा हक्क काय, हे शब्दातच आलं.

गोव्यात गांवकार म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवला ते. सामाईक जमिनीच्या उत्पन्नात वाटा त्यांचा. पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये या चालीरीती लिहूनही काढल्या. आता केपकडे बघा. कंपनीने दिलेल्या जमिनींवर तिथल्या मूळच्या खोइखोइ लोकांची गुरं आधीपासून चरत होती, १६५९ मध्ये त्यावरून लढाईही झाली. खोइखोइंच्या बाजूने पाहिलं तर डच म्हणजे उपरी. डच मात्र स्वतःला मिरासदार समजत होते.

—

हे फार कामाचं, पण लेखात 'उपरी' घातलं तर आजचा वाचक उपरा समजेल, बिचारा, परका. बोअर बिचारे नव्हते. म्हणून असं ठरवलंय : १८२० वाल्यांना 'ब्रिटिश वसाहतकार', नऊ जणांना 'कंपनीने मोकळे केलेले शेतकरी', आणि गुरं घेऊन आत आत सरकणाऱ्यांना नुसतं 'फिरते बोअर'. 'वसाहतवादी' फक्त लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या माणसांसाठी. उपरी-मिरासदार एका तळटीपेत देईन.

'पायोनियर' अजून राहिलाय. 'अग्रदूत' लिहिलं तर सत्कार समारंभ वाटतो.

—

पायोनियर हा मुळात फौजेच्या पुढे कुदळ-फावडं घेऊन वाट करणारा. आपल्या फौजांत ते काम बेलदारांचं. पण 'बेलदार' लिहू नका, संपादक लाल पेनची नवी डबी आणतील. 'आधी गेलेले' चालतंय का बघा.

—

'सगळ्यात आधी गेलेल्यांनी झाडं तोडून गाडीवाट केली.' वाक्यात बसतंय. ठेवते.