टांझानियातील तरुण एकल मातांच्या शिवणवर्गाला नाशिकहून मदत कशी करावी?

गोदाकाठची (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. आम्ही काही निवृत्त शिक्षिका आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या महिला मिळून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला एक लहान न्यास चालवतो. माझी भाची नोकरीनिमित्त टांझानियात मोशीजवळ राहते आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या एका लोकविकास महाविद्यालयात मदतीला जाते. शाळेत असतानाच आई झालेल्या आणि जोडीदाराचा आधार नसलेल्या तरुण मुली तिथे शिवण व स्वयंपाककाम शिकतात. त्या देशात गरोदर विद्यार्थिनींना शाळेतून काढण्याची पद्धत होतीच. 2017 मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी बाळंतपणानंतरही त्यांना सरकारी शाळेत परत घेतले जाणार नाही असे जाहीर केले, आणि ही बंदी उठायला नोव्हेंबर 2021 उजाडले. ज्यांचे शिक्षण असे तुटले, त्यांच्यापैकीच या बऱ्याच जणी आहेत.

आमच्यात मात्र एकमत होत नाही. काही जणींना इथली वापरलेली शिलाई मशिने पाठवायची आहेत, तर काहींच्या मते चार-पाच मुलींना तीन महिने नाशिकला आणून शिकवावे, येवल्याच्या पैठणीचे माग दाखवावेत आणि त्यातूनच सांस्कृतिक देवाणघेवाणही साधावी. शिवाय न्यासाच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवता येतात का, आणि त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते का, याचा उलगडा होत नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस (सिडको)

ताई, एफसीआरए, म्हणजे 2010 चा परकीय योगदान कायदा, परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. तुमचा पैसा उलट दिशेने जाणार असल्याने तिथे परकीय चलनविषयक फेमा कायदा लागू होतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यात देणगीही बसते. बँकेत पॅन आणि ए-2 अर्ज द्यावा लागतो. मात्र ही सवलत व्यक्तींना आहे, न्यासांना नाही.

त्याहून मोठी अडचण आयकराची आहे. धर्मादाय न्यासाने भारताबाहेर केलेला खर्च, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तशी खास मंजुरी दिलेली नसेल तर, करमाफीसाठी धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही. तेव्हा ज्यांना द्यायचे आहे त्यांनी वैयक्तिक खात्यातून थेट त्या महाविद्यालयाच्या खात्यात पैसे पाठवावेत, पावती मागवावी आणि न्यासाचे पुस्तक यात आणू नये. ‘आधी पाठवू, मग नियमित करून घेऊ’ हा आपल्याकडचा आवडता मार्ग इथे महागात पडेल.

काजबटण (नाशिक रोड)

मशिने पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. न्हावाशेवाहून दार-ए-सलामपर्यंतचे भाडे, तिथली जकात आणि पुढचा ट्रकचा प्रवास यांत जेवढे पैसे जातील तेवढ्यात तिथल्याच बाजारात पायमशीन मिळेल, आणि सुई तुटली किंवा बॉबिन केस झिजली तर सुटा भागही तिथेच मिळेल. आपल्या माळ्यावरची मशिने रिकामी करण्याचा उत्साह मला समजतो. पण ती तिथल्यांच्या माळ्यावर जातील, एवढेच.

मुलींना इथे आणण्याबद्दल राजस्थानातील तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजचा अनुभव पाहावा. आफ्रिकेतील निरक्षर स्त्रियांना त्यांनी तिथे सहा महिने ठेवून सौरदिव्यांचे काम शिकवले, तेही रंगांच्या खुणा आणि हातवारे यांच्या आधारे. परंतु निवडताना त्यांनी भर दिला तो मध्यमवयीन, आजी झालेल्या स्त्रियांवर. त्या गावी परततात आणि त्यांच्या मागे तान्हे मूल नसते. तुमच्या मुलींच्या कडेवर दीड-दोन वर्षांची मुले आहेत. त्यांना तीन महिने कोणाकडे सोपवायचे? आणायचेच असेल तर त्यांच्या शिक्षिकेला आणा.

शिकवण्यासारखे काय, तर शाळेचा गणवेश. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेला पांढरा सदरा आणि गडद निळा स्कर्ट किंवा अर्धी चड्डी असते आणि शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते, म्हणजे खरी मागणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते. आपल्याकडे 2024 मध्ये राज्याने गणवेशाची शिलाई बचत गटांकडे सोपवली, तेव्हा कितीतरी शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत. शिवता येत असूनही पन्नास सदरे एका मापाने कापणे, कापड वाया न घालवणे आणि तारीख पाळणे यांत गाडी अडते. तुमच्या वर्गातील महिलांकडे हेच कसब असणार.

पंचवटीकर

सांस्कृतिक देवाणघेवाणीबद्दल थोडे लिहितो. पंडिता रमाबाई स्वतः लहान मुलगी पदरी असलेल्या विधवा होत्या, आणि 1889 मध्ये मुंबईत उघडलेल्या त्यांच्या शारदा सदनाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने पैसा पुरवला होता. त्या मदतीने अनेक मुली उभ्या राहिल्या. पण धर्मांतराच्या संशयावरून 1893 मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. परक्या पैशाकडे स्थानिक समाज कसा संशयाने पाहतो, हे आपल्याला इतिहासातूनच ठाऊक असायला हवे. म्हणून पैठणी, लेझीम, गणपती यांचे प्रदर्शन मांडण्याआधी त्यांना काय दाखवायचे आहे ते विचारावे. चपाती, चहा आणि समोसा तिथे रोजच्या खाण्यात आहेत. स्वयंपाककामाच्या वर्गाशी गप्पा तिथूनही सुरू होतील.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काजबटणताईंचा मुद्दा वाचून भाचीला फोन केला. ती म्हणाली की कॉलर शिकवण्याच्या दिवशी एक मुलगी बाळाला पाजायला बाहेर गेली आणि परत आली तोवर कॉलरची टोके आतून छाटून उलटवून झाली होती. तिचा सदरा तसाच बिनकॉलरचा राहिला. टांझानियातील अशा काही महाविद्यालयांत पाळणाघर आहे, भाची जाते त्या महाविद्यालयात मात्र मुले सांभाळायला पूर्ण वेळ कोणी नाही. त्यामुळे मशिनांचा विषय आम्ही सोडला असून, आमच्यापैकी काही जणी आपापल्या खात्यातून एका सांभाळणारीचा पगार महाविद्यालयाकडे पाठवतील. कॉलर, काज आणि कापणी यांच्या छोट्या चित्रफिती आमच्या वर्गात तयार होतील, निवेदन भाची स्वाहिलीत करेल, म्हणजे चुकलेला भाग कोणालाही पुन्हा पाहता येईल. शिक्षिकेच्या नाशिक भेटीसाठी कोणता व्हिसा लागेल, हे हिशेबनीस किंवा अन्य कोणी सांगू शकतील का?