दोनदा सील बदलूनही गिअरबॉक्समधून तेल गळते, नेमके कारण कसे शोधावे?

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २००४ सालची, पाच गिअरची लहान पेट्रोल मोटार आहे. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो आणि आजवर ती १,३८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या दीड वर्षापासून डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला फरशीवर तेलाचे डाग पडतात. गॅरेजमध्ये डाव्या ॲक्सलचे (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे) ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, दोनदा बदलून घेतले. प्रत्येक वेळी काही दिवस कोरडे गेले आणि पुन्हा तेल दिसू लागले. शहरातल्या रोजच्या छोट्या फेऱ्यांनंतर फरशी स्वच्छ असते, मात्र कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाऊन आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी तीन-चार डाग हमखास असतात. आता मेस्त्री गिअरबॉक्स उतरवून उघडायला सांगत आहेत. तेवढ्या खर्चात पडण्यापूर्वी आणखी काय तपासून घ्यावे?

पाना_बारा

गळणारे तेल गिअरबॉक्सचेच आहे याची खात्री आपण केली आहे का? रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी डाग बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो आणि तो हाताला चिकटून राहतो. इंजिन ऑईल बहुधा काळे पडलेले असते व त्याला हा वास नसतो.

तेल जिथून टपकते तिथूनच ते गळत असते असे मात्र नाही. वाऱ्याने ते मागे ढकलले जाते, उताराने खाली येते आणि सर्वांत खालच्या टोकावरून ठिबकते, म्हणून ॲक्सलजवळ दिसणारे तेल प्रत्यक्षात वरच्या गिअर शिफ्ट शाफ्टच्या सीलमधून, स्पीडोमीटर केबलच्या ओ-रिंगपासून किंवा रिव्हर्स लाईटच्या स्विचमधून ओघळत आलेले असू शकते. गिअरबॉक्सचे आवरण डिग्रीझरने धुऊन पूर्ण कोरडे करा, त्यावर टाल्कम पावडर फवारा, थोडे अंतर चालवा आणि बॅटरीच्या प्रकाशात पाहा. पावडर ओली झालेली सर्वांत वरची जागा शोधायची. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यात खालून तेल येत असेल, तर प्रकरण क्रँकच्या मागच्या सीलचे किंवा इनपुट शाफ्टच्या सीलचे असते आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आपल्या वर्णनावरून तसे वाटत नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच.

जुने_इंजिन

प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. शहरात गळत नाही, घाट चढून आल्यावर गळते. लांबच्या चढावर गिअरबॉक्स चांगलाच तापतो, आतली हवा प्रसरण पावते आणि ती बाहेर पडावी म्हणून आवरणाच्या वरच्या बाजूस ब्रीदर नावाची लहान टोपी किंवा नळी दिलेली असते. ती चिखलाने व धुळीने बुजली की हवेला वाट राहत नाही. ऑईल सीलची ओठासारखी कड तेल थोपवण्यासाठी असते, दाब सोसण्यासाठी नव्हे; त्यामुळे जिथे ती कमजोर असते तिथून तेल बाहेर ढकलले जाते. अशा स्थितीत सील कितीही वेळा बदलले तरी काही दिवसांचीच सोय होते. घाटातून आल्यावर गाडी बरीच निवल्यानंतर फिलर प्लग, म्हणजे गिअरबॉक्समध्ये तेल भरण्याच्या तोंडाचे बूच, अगदी हळूहळू सैल करा. हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला तर ब्रीदर बुजलेला आहे असे समजावे.

घाटवाट

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. वास गिअर ऑईलचाच आहे. पावडर फक्त डाव्या ॲक्सलच्या सीलभोवती ओली झाली, वरचे सारे भाग कोरडे राहिले. घाटातून परतल्यावर फिलर प्लग सैल करताच आवाज स्पष्ट ऐकू आला. ब्रीदरची टोपी लाल मातीने इतकी घट्ट बसली होती की ती फिरतही नव्हती. ती काढून रॉकेलने धुतली आणि हवेने साफ केली. सील आता पुन्हा बदलावे का?

मागची_गल्ली

बदलावे, कारण वारंवार दाबाखाली राहिलेल्या सीलची कड पूर्ववत होईल याचा भरवसा नसतो. मात्र ॲक्सल बाहेर काढल्यावर सील ज्या जागी घासते तिथे नख फिरवून पाहा. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल, तर नवे सीलही तिथे टिकणार नाही. तेव्हा मेस्त्रींना सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवता येईल का ते विचारा, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येईल. ॲक्सल आत सारताना त्याच्या दात्यांनी सील फाटू नये म्हणून कडेला गिअर ऑईल लावून, ॲक्सल सरळ रेषेत धरून बसवावा. दोन्ही वेळा सील लवकर गेले त्यात या घाईचाही वाटा असू शकतो.

तेल सोडण्याआधी फिलर प्लग उघडतो आहे याची खात्री करा. ड्रेन प्लग (तेल सोडण्याचे खालचे बूच) आधी उघडला आणि फिलर गंजून अडकलेला निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसावे लागते. ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. गाडी सपाट जागी असतानाच, फिलरच्या तोंडाशी तेल येईपर्यंत भरा, कारण एका बाजूने उचललेल्या गाडीत पातळी चुकते आणि जास्त झालेले तेलही गळतीला निमंत्रण देते. तेलाचा दर्जा गाडीच्या पुस्तिकेत लिहिला असेल तोच घ्या. पुस्तिकेत जीएल-४ असताना दुकानदाराने जीएल-५ पुढे केले तर नको म्हणा, त्यातल्या काही तेलांमधील गंधकयुक्त घटक पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवून घेणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

घाटवाट

नख अडकले नाही. सील, वॉशर आणि जीएल-४ तेल घालून काल आंबा घाट चढून-उतरून आलो. आज सकाळी पुठ्ठा कोरडा आहे, तरी पावसाळा संपेपर्यंत तो गाडीखालीच राहू देणार आहे.