पोराच्या दाताचं काय करू?

काकू (बी-३०२): नमस्कार मंडळी. रॅम्पची ती उखडलेली फरशी शेवटी माझ्या पोरालाच नडली. ९ दिवसांपूर्वी स्कूटर घसरली, हँडल तोंडावर बसलं. वरचा पुढचा दात हलत होता, हिरडीतून रक्त, पण जागचा सरकला नाही. तार लावलीय. आज दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणे नस मेली, उद्याच रूट कॅनल. काय करू?

भाऊ (ए-१०१): करून टाका. पू झाला की तोंड सुजतं. माझ्या साडूचं सुजलं होतं.

सेक्रेटरी: काकू, ऐकून वाईट वाटलं. फरशीचं कोटेशन गणपतीपासून तयार आहे, थकबाकी आली की लगेच काम.

काकू: माझा मेंटेनन्स वर्षाचा एकदम भरलेला असतो, रजिस्टर बघा.

ए-४०१: नर्मदेचं पाणी आलं का कोणाकडे??

डॉक्टर वहिनी (सी-२०४): काकू, नस मेली हे कशावरून ठरवलं?

काकू: थंड बोळा लावून. शेजारच्या दाताला लावल्याबरोबर याने खुर्चीचा हात गच्च धरला, या दाताला लावला तर नुसता छताकडे बघत बसला.

डॉक्टर वहिनी: एवढ्यावरच असेल तर उद्या ड्रिल करू देऊ नका. दात जगतो रक्तावर आणि ही टेस्ट रक्त बघतच नाही, संवेदना बघते, मार लागला की नस बधिर होते आणि कधीकधी ३ महिन्यांनी परत जाणीव येते. निदान दोन खुणा तरी हव्यात, म्हणजे हिरडीवर फोडी, चावताना दुखणं, एक्स-रेत मुळाशी काळं, असं काही.

भाऊ (ए-१०१): पू झाला की तोंड सुजतं, परत सांगतो.

नाना (सी-००१): आमच्या नातवाचा दात मुळासकट बाहेर आला होता, दुधाच्या वाटीत घालून नेला. कॅनल न करता जगला!

डॉक्टर वहिनी: नाना, तो ८ वर्षांचा होता, मुळाचं टोक उघडं, आत नव्या रक्तवाहिन्या शिरू शकतात. काकूंचा मुलगा २७चा, टोक बारीक झालेलं. या वयात दात निखळून परत बसवला असता तर मीच २ आठवड्यांच्या आत कॅनल करा म्हटलं असतं. पण याचा फक्त हलला.

ए-४०१: नानांचं दूध मिळालं, पाणी कुठाय 😀

काकू: इथे माझा जीव खालीवर होतोय आणि तुम्हाला थट्टा सुचते.

ए-४०१: सॉरी काकू. खरंच.

काकू: वहिनी, दात जरा करडा दिसतो.

डॉक्टर वहिनी: मारानंतर करडा झालेला काही वेळा आपोआप उजळतो. पुढे पिवळा पडला तर बहुतेक वेळा आतली पोकळी भरत चाललेली असते, म्हणजे दात जिवंत होता. एक्स-रेत मुळाशी थोडं काळं दिसून परत भरून येतं असंही होतं. पण थांबायचं म्हणजे विसरायचं नाही हं, २ आठवड्यांनी तार काढताना, मग १२ आठवडे, ६ महिने, १ वर्ष, दर वेळी टेस्ट आणि फोटो. सूज किंवा ठणका आला तर त्याच दिवशी.

भाऊ (ए-१०१): तेच म्हणतोय मी, सूज.

डॉक्टर वहिनी: भाऊ, सूज आली तर करूच. आलेली नाही. काकू, पावणेनऊला येते, फोटो काढून ठेवा.

काकू: या. रॅम्पवरचा दिवा पण बंद आहे, जपून या.